शनिवारी चार वाजता, गोष्टीच्या तासाला



आज सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते. तुमच्या घरापासून सगळ्यात जवळचं सार्वजनिक ग्रंथालय कुठे आहे? मोबाइलवर शोधू नका, आठवून सांगा. जवळचा मॉल, जवळचं मेट्रो स्टेशन, चांगला डोसा मिळणारं दर्शिनी हॉटेल, हे सगळं आपल्याला तोंडपाठ असतं. ग्रंथालयाचं नाव काढलं की मात्र आपण एकमेकांच्या तोंडाकडे बघतो.

गंमत म्हणजे त्या ग्रंथालयाचे पैसे आपण भरतोच आहोत. कर्नाटकात १९६५ साली सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला. त्या कायद्यानुसार मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर घेतला जातो आणि आज त्याचा दर ६ टक्के आहे. म्हणजे १०,००० रुपये घरपट्टी असेल, तर त्यावर ६०० रुपये ग्रंथालयांसाठी. भाड्याने राहत असाल तर घरमालक तो खर्च भाड्यात धरतोच. महाराष्ट्रातून इथे आलेल्या आपल्या लोकांना हे बहुधा ठाऊक नसतं, कारण महाराष्ट्रातल्या १९६७ च्या कायद्यात असा उपकर नाही. तिकडे गावातली मंडळी संस्था काढून वाचनालय चालवतात, त्याला अ, ब, क, ड असा वर्ग मिळतो, त्याप्रमाणे सरकारी अनुदान येतं आणि बाकीचा भार सभासदांच्या वर्गणीवर असतो. इथे सरकारी ग्रंथालय आपल्या कराच्या पैशांवर चालतं. आत जाऊन बसायला, वर्तमानपत्र वाचायला काही द्यावं लागत नाही. पुस्तक घरी न्यायचं असेल तर थोडी अनामत ठेवायची, इतकंच.

मग आपण जात का नाही? खरं सांगायचं तर मीही जात नव्हते. आमच्या घरात ग्रंथालयाची वाट शोधली ती माझ्या सासूबाईंनी.

साताऱ्याची आजी

सासरे गेल्यावर सासूबाई साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आल्या. तिथे त्यांचं घर पेठेत. सकाळी दूधवाला, दुपारी शेजारीण, संध्याकाळी देऊळ. इथे नवव्या मजल्यावरचा फ्लॅट, आम्ही दोघं दिवसभर ऑफिसात, नातू शाळेत आणि मग क्लासला. लिफ्टमध्ये कोणी हसून काही बोललं तरी भाषा कळत नाही. पहिले काही महिने रोज रात्री फोनवर त्या नणंदेला एकच विचारायच्या, ‘मला परत कधी नेतेस?’

एकदा मी त्यांना भाजीबाजारात घेऊन गेले, तेव्हा वाटेत त्यांना एक पाटी दिसली. कन्नड अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती, पण आत टेबलावर वर्तमानपत्रं पसरलेली दिसली. ‘अगं, हे वाचनालय दिसतंय!’ म्हणत त्या सरळ आत शिरल्या. लहानशी जागा. दोन खोल्या, लोखंडी कपाटं, लाकडी बाकं आणि पेपर वाचत बसलेले चार-पाच निवृत्त गृहस्थ. मराठी पुस्तक एकही नव्हतं. तरीही सासूबाई अर्धा तास तिथे बसल्या, इंग्रजी मासिकातली चित्रं बघत. निघताना ग्रंथपाल बाई म्हणाल्या, ‘अज्जी, मत्ते बन्नि.’ आजी, पुन्हा या. ‘अज्जी’ एवढंच सासूबाईंना कळलं आणि तेवढं पुरलं.

दोन-तीन भेटींनंतर त्या बाईंनी मला गाठलं. आजूबाजूची मुलं शनिवारी दुपारी दाराशी येतात, पण आत यायला लाजतात. त्यांना कोणी गोष्ट सांगेल का? मी म्हटलं, ‘आईंना कन्नड येत नाही.’ त्या म्हणाल्या, ‘मुलांना येतं ना!’

ही कल्पना किती जुनी

अशा कार्यक्रमांना आपण ‘नवीन फॅड’ म्हणतो. प्रत्यक्षात ती आपल्याकडची शंभर वर्षांहून जुनी गोष्ट आहे आणि तिच्यामागे एक मराठी राजा आहे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून घेतलं आणि संस्थानभर मोफत ग्रंथालयांचं जाळं उभं केलं. पुस्तकं पेट्यांमध्ये भरून गावोगाव फिरत. बडोद्याच्या मुख्य ग्रंथालयात स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी वेगळे विभाग होते. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्रं आणि चलच्चित्रं दाखवणारा स्वतंत्र विभागही होता. गावाला ग्रंथालय हवं असेल तर गावाने थोडे पैसे जमवायचे, तेवढेच प्रांत पंचायत आणि सरकार घालणार, अशी पद्धत होती. म्हणजे गावाने आधी पुढे यायचं. हे तत्त्व आजही तितकंच लागू पडतं.

आपल्या बेंगळुरूचंही या विषयाशी जवळचं नातं आहे. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक म्हणून ज्यांना ओळखतात, ते डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी आयुष्याची शेवटची वर्षं याच शहरात काढली. १९६२ साली त्यांनी इथे प्रलेखन संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र सुरू केलं आणि १९७२ साली याच शहरात त्यांचं निधन झालं. १२ ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिवस आपल्याकडे ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात. मूळचे ते गणिताचे प्राध्यापक. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. आपल्या भाषेत त्यांचा आशय असा: पुस्तकं जपून ठेवायला नसतात, वापरायला असतात. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाया जाऊ नये. आणि ग्रंथालय हे वाढत्या जीवासारखं असतं.

यातला तिसरा नियम मला फार आवडतो. कपाटात वर्षानुवर्षं बसलेल्या पुस्तकाचाही एक वाचक कुठेतरी असतो. त्या दोघांची गाठ कोणी घालून द्यायची? कुलूप लावलेलं कपाट ती घालून देत नाही. गोष्टीचा तास घालून देतो.

आपल्या शहरात काय चाललंय

कब्बन पार्कातली ती लाल इमारत तुम्ही बाहेरून नक्की पाहिली असेल. म्हैसूर संस्थानचे दिवाण सर के. शेषाद्री अय्यर यांच्या स्मरणार्थ उभारलेली. तिथेच राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. एखाद्या रविवारी मुलांना फुगे आणि भुट्टा खाऊ घालून झाला की दहा मिनिटं आत न्या. आत गेल्यावर मुलं आपोआप हळू बोलू लागतात.

बसवनगुडीत, गांधी बाजारापासून जवळ, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ वर्ल्ड कल्चर ही संस्था आहे. १९४५ साली बी. पी. वाडिया यांनी ती सुरू केली. हे वाडिया मूळचे मुंबईचे पारशी. १९१८ साली मद्रासमध्ये कामगारांची संघटना उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता. संस्थेत ग्रंथालय आहे, मुलांचा विभाग आहे आणि सर्वांना खुली असणारी व्याख्यानं, संगीताचे कार्यक्रम होतात. कधी संध्याकाळी गांधी बाजारात फुलं घ्यायला गेलात तर तिथल्या सूचना फलकावर नजर टाकून या.

आणि एक लहानसं ग्रंथालय, ज्याच्याबद्दल मला मुद्दाम सांगायचंय. बनशंकरी भागात ‘बुगुरी’ नावाचं मोफत ग्रंथालय आहे. बुगुरी म्हणजे भोवरा. कचरावेचकांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या ‘हसिरु दळ’ या संस्थेने ते कचरावेचकांच्या मुलांसाठी सुरू केलं. आपण सकाळी दारात ठेवलेला कचरा ज्यांचे आईवडील उचलतात, वेगळा करतात, त्यांची ही मुलं. तिथे मोठ्याने वाचन होतं, चित्रं काढली जातात, गोष्टींवर गप्पा होतात. ज्यांच्या घरात अभ्यासाला कोपरा नाही, त्यांना हक्काने बसायला जागा मिळते. आपल्या मुलांकडे पुस्तकांची कपाटं असतात. पण ‘ही जागा माझी आहे’ असं वाटणारं ग्रंथालय त्यांच्याकडेही कुठे असतं?

शहराबाहेर पडलं की चित्र आणखी आशादायक आहे. कर्नाटकातली ग्रामपंचायत ग्रंथालयं साडेपाच हजारांहून जास्त आहेत. २०१९ साली ती ग्रामविकास खात्याकडे आली. २०२० मध्ये, करोनामुळे शाळा बंद असताना, ‘ओदुव बेळकु’ म्हणजे वाचनाचा प्रकाश हा उपक्रम सुरू झाला आणि मुलांना मोफत सभासदत्व मिळालं. लाखो मुलांनी नावं नोंदवली. लोकांनी घरची पुस्तकं दिली. ‘अरिवु केंद्र’, म्हणजे ज्ञानाचं केंद्र, हे नाव आता गावोगावच्या पाट्यांवर दिसतं. पुढच्या वेळी नंदी हिल्सला किंवा म्हैसूरला जाताना एखाद्या गावात चहाला थांबलात, तर ही पाटी शोधा. मुलांची दोन-चार चांगली पुस्तकं गाडीत ठेवलीत तर आणखी उत्तम.

पहिला शनिवार

परत सासूबाईंकडे येते. पहिल्या शनिवारी मुलं आली तीन. त्यातली दोन समोरच्या इस्त्रीवाल्याची. सासूबाईंनी भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट निवडली होती. हातवारे करत मराठीत सुरू केलं. मुलं टकामका बघत राहिली. ‘भोपळा’ म्हणताना त्यांनी हाताने मोठा गोल केला, तेव्हा एक मुलगी ओरडली, ‘कुंबळकायि!’ मग वाघ आला. सासूबाई गुरगुरल्या. तिघंही एका सुरात ओरडली, ‘हुलि!’ गोष्ट संपेपर्यंत सासूबाईंना नऊ कन्नड शब्द आले होते. घरी येऊन त्यांनी ते नातवाच्या जुन्या वहीत देवनागरीत लिहून काढले.

दुसऱ्या शनिवारी पाच मुलं होती. तिसऱ्या शनिवारी धो धो पाऊस पडला आणि एकही आलं नाही. सासूबाई मात्र रिक्षा करून गेल्या. मी म्हटलं, ‘आई, कशाला गेलात? कोणी येणार नव्हतंच.’ त्या म्हणाल्या, ‘मी आले नव्हते असं कोणी म्हणू नये.’ चौथ्या शनिवारी अकरा मुलं आली.

हे मी थोडं लांबण लावून सांगितलं, कारण कार्यक्रम इथेच फसतात. उद्‌घाटनाला फुगे असतात, फोटो असतात, सामोसे असतात. तिसऱ्या आठवड्यात पाऊस पडतो आणि सगळं बंद. मुलांना मोठा कार्यक्रम नको असतो. ठरलेल्या वेळी दार उघडं असेल आणि ठरलेलं माणूस तिथे असेल, एवढा भरवसा मिळाला की ती येतात.

तुम्हाला करायचं असेल तर

तुमच्या जवळच्या ग्रंथालयात, किंवा सोसायटीच्या हॉलमधल्या पुस्तकांच्या कपाटापाशी, असा तास सुरू करता येईल. आम्हाला जे जमलं ते सांगते.

आधी ग्रंथपालांना भेटा. साप्ताहिक सुट्टी कधी असते, मुलं कधी येतात, कोणती जागा मोकळी असते, हे विचारा. वर्तमानपत्र वाचायला येणाऱ्या ज्येष्ठांना त्रास होणार नाही अशी वेळ निवडा. त्यांच्यातलेच एखादे आजोबा पुढे गोष्ट सांगायला तयार होतात, हा आमचा अनुभव आहे.

तास पाऊण तासाचाच ठेवा. पहिली पाच मिनिटं नावं विचारायला आणि मागची गोष्ट आठवायला. पंधरा मिनिटं गोष्ट. दहा मिनिटं त्या गोष्टीवर चित्र किंवा छोटं नाटुकलं. शेवटची पंधरा मिनिटं मुलांना कपाटाशी मोकळं सोडायचं आणि स्वतः पुस्तक निवडू द्यायचं. ही शेवटची पंधरा मिनिटं कधीही कापू नका. आणि गोष्ट संपल्यावर ‘तात्पर्य काय?’ असं विचारू नका. मुलांना लगेच शाळेचा वास येतो.

गोष्ट सांगताना पुस्तक मुलांकडे तोंड करून धरा. चित्र दिसू दे. एका पानावर थांबून ‘आता काय होईल?’ एवढंच विचारा. लहान मुलं तीच गोष्ट पुन्हा मागतात. कंटाळू नका, पुन्हा सांगा.

भाषेची भीती बाळगू नका. बेंगळुरूच्या कुठल्याही गल्लीत कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू, हिंदी बोलणारी मुलं एकत्र खेळतात. एकच गोष्ट दोन भाषांत सांगा. इथे मोबाइलचा उपयोग होतो. बेंगळुरूच्याच ‘प्रथम बुक्स’ या संस्थेचं ‘स्टोरीवीव्हर’ नावाचं संकेतस्थळ २०१५ पासून चालू आहे. तिथे मुलांच्या चित्रमय गोष्टी अनेक भारतीय भाषांत मोफत वाचता येतात, उतरवून घेता येतात, छापताही येतात. तीच गोष्ट मराठीत आणि कन्नडमध्ये शेजारी शेजारी ठेवली की आजी आणि मुलं एकमेकांचे शिक्षक होतात. ८ सप्टेंबर हा आंतरराष्ट्रीय साक्षरता दिन. त्या सुमाराला ही संस्था एकच गोष्ट ठिकठिकाणी, वेगवेगळ्या भाषांत सांगण्याचा उपक्रम करते. सुरुवात करायला तो मुहूर्तही चांगला.

मोठ्यांसाठी मराठी पुस्तकं हवी असतील तर नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या योजनेची माहिती घ्या. विनायक रानडे यांनी २००९ साली ती सुरू केली. १०० पुस्तकांची एक पेटी वाचकांच्या गटाकडे येते आणि वाचून झाली की दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलली जाते. महाराष्ट्राबाहेर आणि परदेशातही या पेट्या पोहोचल्या आहेत. सयाजीरावांच्या फिरत्या पेट्यांची आठवण झाली ना?

आणखी एक. दरवेळी पुस्तकच हवं असं नाही. बुद्धिबळाचे दोन पट ठेवा. महिन्यातून एकदा मुलांकडून हस्तलिखित करून घ्या. आठ पानं, प्रत्येकाचं एक चित्र किंवा चार ओळी, आणि ते ग्रंथालयाच्या टेबलावर वर्तमानपत्रांच्या शेजारी ठेवा. स्वतःचं नाव तिथे बघायला मूल आईवडिलांना ओढून आणतं. आमच्याकडे काही आया पहिल्यांदा ग्रंथालयात आल्या त्या अशा.

मागच्या महिन्यातली गोष्ट

आता शेवटचं, आणि मला स्वतःला सगळ्यात जवळचं. माझ्या मुलाला मराठी बोलता येतं, वाचायला मात्र तो टाळाटाळ करायचा. ‘आई, शाळेत लागत नाही ना?’ हे त्याचं ठरलेलं उत्तर. मी पुस्तकं आणली, बक्षिसं लावली, रागावले. काही झालं नाही. मनात भीती एकच होती, की उद्या आजीचं पत्र, आजोबांची डायरी त्याच्या हातात येईल आणि त्याला ती परकी अक्षरं वाटतील.

मागच्या महिन्यात सासूबाई साताऱ्याला गेल्या. जायचा दिवस त्यांनी स्वतःच रविवारचा धरला. शनिवार बुडायला नको म्हणून. पुढच्या शनिवारी दुपारी ग्रंथपाल बाईंचा फोन आला. मुलं जमली आहेत आणि विचारतायत, ‘अज्जी एल्लि?’ आजी कुठे आहे?

मी ऑफिसच्या कामात अडकले होते. मुलगा म्हणाला, ‘मी जातो.’ आजीचं पुस्तक आणि ती शब्दांची वही घेऊन गेला. मी तासाभराने पोहोचले तेव्हा तो खुर्चीवर बसून, ओळीवर बोट ठेवून, अडखळत मराठी वाचत होता. एक वाक्य वाचायचं आणि मग कन्नडमध्ये सांगायचं. जोडाक्षराला अडला की समोरची ती इस्त्रीवाल्याची मुलगी मदत करत होती, कारण गोष्ट तिला पाठ होती. मी दाराशीच थांबले. आत गेले असते तर तो थांबला असता.

रात्री त्याने आजीला फोन लावला आणि विचारलं, ‘आजी, तुझ्या वहीत “तोळ” लिहिलंय, ते लांडगा की कोल्हा?’ पलीकडून उत्तर आलं, ‘लांडगा. पुढच्या शनिवारी कोणती गोष्ट घेतोस?’

वाचकहो, या आठवड्यात एवढंच करा. घराजवळचं ग्रंथालय शोधा, आत जा, ग्रंथपालांना नमस्कार करा आणि विचारा, ‘इथे मुलं कधी येतात?’ घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना बरोबर न्या. तिथे काय दिसलं ते आम्हाला जरूर कळवा. पुन्हा भेटू, पुढच्या अंकात.